उघाडीच्या आतली निवटी

निवटी ही कोलशेतची कुणीतरी मुलगी असणार, असं मारुतीराव जगदाळे लग्नापासून धरून चालले होते. कधी विचारलं नव्हतं. बायको कलावती कोलशेतची. आधी मुलाला आणि पुढे नातीला भरवताना ती निवटीच्या गोष्टी सांगायची. निवटी आज रुसली. निवटीने शेजारणीचं घर बळकावलं. निवटीने सूर्याला चिखल फासला. मारुतीराव बाहेरच्या खोलीत पेपर वाचत असायचे. आतून येणारे शब्द कानावर पडायचे, पण थांबायचे नाहीत.

कलावतीला जाऊन आठ महिने झाले. डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांच्या घरात आता दुपारी फक्त मारुतीराव आणि दुसरीतली सान्वी. मुलगा ऋतुराज कामावर जायचा. सून रसिका आतल्या खोलीत दार लावून लॅपटॉपवर ऑफिसचं काम करायची. सान्वी शाळेतून आली की मारुतीराव तिला वरणभात वाढायचे आणि समोर मोबाईल उभा करून द्यायचे. तिचं तोंड हलायचं, डोळे हलायचे नाहीत.

एकदा मार्च महिन्यात दुपारी लाईट गेले. मोबाईलही चार्ज नव्हता. सान्वी काळ्या पडद्याकडे थोडा वेळ बघत बसली, मग म्हणाली, "आबा, निवटी अजून आतच आहे का रे?"

"कुठे आत?"

"उघाडीच्या आत. निवटी मीठ कसं असतं ते बघायला आगरात गेली आणि मागून उघाडी बंद झाली. मग आजी म्हणाली, बाकी उद्या." सान्वीने चमच्याने भात दाबून सपाट केला. "मग उद्या आजीला दवाखान्यात नेलं ना."

उघाडी मारुतीरावांना ठाऊक होती. सासऱ्यांच्या मिठागराला होती. खाडीच्या बांधात बसवलेलं लाकडी दार. भरतीला उघडून पाणी मिठाच्या वाफ्यात घ्यायचं, मग दार पाडायचं. मारुतीरावांनी एकतीस वर्षं कंपनीच्या पंपहाऊसमध्ये व्हॉल्व उघडण्याचं आणि बंद करण्याचंच काम केलं होतं, त्यामुळे सासरची तेवढी एक गोष्ट त्यांना पटकन समजली होती.

"मी सांगतो ना पुढचं," ते म्हणाले.

"तुला माहितीये?"

"आठवून सांगतो. शनिवारी."

सान्वीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. आठ महिन्यांत जेवताना तिने कुणाकडे असं पाहिलं नव्हतं.

आठवायला काही नव्हतंच. मग त्यांनी ठरवलं, आपणच लिहू. निवृत्त होताना आणलेली एक जुनी लॉगबुक कपाटात होती, अर्धी कोरी. कंपनीत दर पाळीला त्यांनी लॉगबुक भरली होती. किती वाजता कुठला पंप चालू झाला, किती वाजता बंद, दाब किती, गळती कुठे. एवढंच लिखाण त्यांनी आयुष्यात केलेलं. गोष्ट लिहायची म्हणजे काहीतरी सुंदर लिहायला हवं, म्हणून त्यांनी निवटीला दोन वेण्या घातल्या. वेण्यांत अबोलीची फुलं माळली. ती हंबरडा फोडते, तिचे टपोरे डोळे पाणावतात, असं लिहिलं. शेवटी आगराचा राखणदार साईनाथ कंबरेची चावी काढून उघाडी उघडतो आणि निवटी धावत आईच्या कुशीत शिरते. हे लिहायला त्यांना तीन दिवस लागले.

शनिवारी सान्वीच्या ताटात पोळीची गुंडाळी होती, पेल्यात दूध. मारुतीराव चष्मा लावून वाचू लागले. दुसऱ्या ओळीला सान्वीने तोंडावर हात धरला. चौथ्या ओळीला तिच्या नाकातून दूध आलं.

"आबा! वेण्या?"

"का? काय झालं?"

"निवटी मासा आहे!" ती खुर्चीवरून खाली उतरली आणि फरशीवर बसून हसायला लागली. "माशाला वेण्या! अबोली!"

रसिका दार उघडून बाहेर आली. सान्वीचं असं हसणं तिनेही बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. "काय झालं बाबा?"

"निवटी म्हणजे मासा?" मारुतीरावांनी तिलाच विचारलं.

"मला काय माहीत? मी कऱ्हाडची. मला वाटायचं पक्षी असेल."

ऋतुराजला सुट्टी होती. तो अंघोळ करून डोकं पुसत आला. "मासाच. मी खाल्लीये."

"कधी?"

ऋतुराज पंच्याच्या आड गेला. "कोलशेतला. आई कालवण करून द्यायची मला. तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलेलं."

मारुतीराव माळकरी. मूळचे माण तालुक्यातले. घरात अंडंसुद्धा आलं नव्हतं. कलावतीने लग्नानंतर मासळीचं नाव काढलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. मासळीची नावं त्यांना कुणी शिकवणार तरी कशाला?

"मग ती उघाडीत अडकते त्याचं पुढे काय होतं?" त्यांनी मुलाला विचारलं.

"काय की. जेवण संपलं की गोष्ट संपायची."

सान्वी हसायची थांबली होती. तिने लॉगबुक ओढून शेवटच्या ओळी वाचल्या. "राखणदाराने चावी आणली म्हणे. पण मासा हाक कशी मारणार त्याला?" तिने ताट पुढे सरकवलं. "म्हणजे तुला माहीत नाही. बाबाला पण माहीत नाही. ती आता आतच राहणार."

तिने ते रडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तिने ते उद्या सुट्टी आहे असं सांगावं तसं सांगितलं आणि मोबाईल मागितला.

गोष्ट पुढे गेली नाही, तर ही पोर आपल्याला पुन्हा विचारणार नाही, एवढं मारुतीरावांना कळलं. कलावतीच्या मागे घरात तिचं असं जे थोडं उरलं होतं, त्यातलं हे एक. आणि ते उघाडीच्या आत पडलं होतं.

दोन दिवसांनी ते ठाण्याला उतरले आणि कोलशेतची बस धरली. तेराव्यानंतर ते तिकडे गेले नव्हते. पूर्वीच्या भातशेतांवर आता उंच इमारती होत्या आणि दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत कलावतीच्या माहेरचं घर होतं. घरही आता तीन मजली झालं होतं, पण कलावतीची काकी कमळाबाई पूर्वीसारखीच पायरीवर बसून लसूण सोलत होती. वय पंच्याऐंशीच्या पुढे. तिने कपाळावर हात धरून पाहिलं.

"जावय? एकादशीचं? आज तुमच्याजोगं घरान काय पन नाय."

"केळी आणलीत मी, काकी."

"बघा! पावना आपलंच जेवान घेऊन येतं." तिने पायरीवर जागा केली. "कसं हाव?"

"आहे." मारुतीराव बसले. जास्त बोलणं त्यांना जमत नव्हतं, म्हणून ते सरळ मुद्द्यावर आले. "काकी, मला निवटीची गोष्ट हवी होती."

"कनची?"

"ती उघाडीत अडकते. मीठ बघायला जाते आणि अडकते, ती."

कमळाबाई लसणाची पाकळी हातात धरून विचार करू लागली. मग आत हाक मारली, "जागृती! जरा भायेर ये गं! आपल्यान निवटीची गोष्ट हाय का कनची?"

जागृती, तिची नात, कॉलेजची वही घेऊनच बाहेर आली. "निवटीची गोष्ट? नाही बा. कालवण आहे."

"तेच सांगते. निवटी आमी खातो, जावय. तिच्या गोष्टी नाय सांगत." दोघी हसू लागल्या.

मारुतीराव हसले नाहीत. त्यांना जेवढं आठवत होतं तेवढं त्यांनी सांगितलं. निवटी रुसली ते. शेजारणीचं घर बळकावलं ते. सूर्याला चिखल फासला ते. सांगताना त्यांना नवल वाटलं, आपल्याला बरंच आठवत होतं. मधे कमळाबाईचं हसणं थांबलं.

"हे कलाचं," ती म्हणाली. "तिनीच जोडलेलं. न्हान व्हती तवा आगरान बापाला भाकर द्याया जाय. जायाला धा मिन्टा, याला दोन तास. आई इचारी, कुठं मेली व्हतीस? तं बोले, निवटीशी बोलत व्हते. मार खाल्लाय तिनी त्याच्यापायी."

गावागावांत गोष्टी असतात, आजीकडून आईकडे आणि आईकडून मुलीकडे येतात, तशाच ह्या असतील असं मारुतीरावांना वाटत आलं होतं. स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता, त्यांच्या पेपरच्या पलीकडे, कलावती रोज नवीन काहीतरी रचत होती. ते एकदाही उठून आत गेले नव्हते. आज पुढे काय झालं गं, असं एकदा तरी विचारायला हवं होतं.

"मग पुढचं आता कुणालाच माहीत नाही," ते म्हणाले.

"कुनाला म्हाईत असनार?"

"नातीला मी शब्द दिलाय. मी लिहून बघितलं, पण मला येत नाही. मी तिला वेण्या घातल्या."

"कुनाला?"

"निवटीला."

जागृतीला ठसका लागला. कमळाबाईने तर सुरी खाली ठेवली आणि डोळे पुसले. "देवा गं माझ्या! कला असती तं लोलली असती." मग ती थोडी शांत झाली. "तुमी निवटी कदी बघितलीच नाय ना?"

"नाही."

"मंग लिवता कसं? जा, तिलाच जाऊन इचारा. जागू, ने जावयाला. सुकती लागली असल आता."

सुकती म्हणजे ओहोटी, एवढं मारुतीरावांना कळलं. ते उठले तशी मागून कमळाबाई गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "एकादशीला मासली बघाया निंगालाय आमचा जावय!"

"बघितल्याने उपास मोडत नाही, आजी," जागृती ओरडली.

सोसायटीच्या भिंतीला लागून एक पायवाट खाली जात होती. पुढे तिवरांची झाडी आणि तिच्यापलीकडे खाडी. पाणी बरंच मागे गेलेलं. जुन्या आगराचा बांध ढासळला होता, थोडेफार दगड उरले होते. जागृतीने चपला हातात घेतल्या. "मामा, इथेच उभे राहा. हलू नका. आपण हललो की पळतात."

ते उभे राहिले. चिखल, भोकं, चिखल. काहीच दिसेना. मग एक ढेकूळ हललं.

ते ढेकूळ नव्हतं. बोटाएवढा मासा होता, चिखलाच्याच रंगाचा. डोळे डोक्याच्या वर, दोन वाटाणे ठेवल्यासारखे. पाण्यात नव्हता. पाणी पंधरा हात लांब होतं आणि हा मासा उन्हात, चिखलावर, छातीजवळचे दोन पर टेकत चालला होता. गुडघे दुखणारी बाई देव्हाऱ्यासमोर हातांवर भार देऊन पुढे सरकते, तसा.

"चालतोय!" मारुतीराव म्हणाले.

"चालते. निवटी."

"पाण्याबाहेर मरत नाही?"

"नाही. गालात पाणी भरून घेते म्हणतात. आणि अंग ओलं ठेवायला मधेमधे लोळते. बघा, लोळली."

मारुतीरावांनी खिशातली डायरी काढली. घड्याळ पाहिलं. लिहिलं: ३.२०, निवटी चिखलावर. ३.२२, लोळली. सवयीने हात चालत होता. "ते दुसरं भोकाशी काय करतंय? भांडतंय का?"

"घर कुणाचं त्याच्यावरून चाललंय."

शेजारणीचं घर बळकावलं, हे त्यांना आठवलं. म्हणजे कलावतीने ते बघितलेलं होतं. मग सूर्याला चिखल फासणं? तेवढ्यात एका निवटीने शेपटी वाकवून अशी उडी मारली की चिखलाचे शिंतोडे हातभर वर गेले. मारुतीराव मोठ्याने हसले आणि सगळ्या निवट्या भोकांत गेल्या.

"सांगितलं ना हलू नका!"

"हललो नाही. हसलो."

पुन्हा वाट पाहावी लागली. आता त्यांना कंटाळा येत नव्हता. किती वेळाने बाहेर येतात? आधी डोळे काढतात की तोंड? एकच येते की सगळ्या? ३.३८ ला एक बाहेर आली, बांधाच्या दगडापाशी गेली आणि दगड चढू लागली. ओला, शेवाळलेला, जवळजवळ उभा दगड. घसरली. पुन्हा लागली. मारुतीराव श्वास धरून बघत होते. ती वर पोचली, थोडी थांबली आणि पलीकडे उतरून दिसेनाशी झाली.

मारुतीरावांनी डायरी बंद केली.

"जागृती, ती अडकलीच नाही."

"कोण?"

"निवटी. उघाडी बंद झाली तर होऊ दे ना. तिला दार कशाला हवं? ती बांधावरून चालत जाईल."

जागृतीला ह्यात एवढं काय आहे ते कळेना. "हो मग! निवटीला उघाडी कशी अडवणार? इथल्या बारक्या पोरालाही माहितीये."

इथल्या पोराला माहीत होतं. डोंबिवलीतल्या पोरीला नव्हतं, आणि तिच्या आजोबांनाही नव्हतं. बंद झालेलं दार म्हटल्यावर त्यांचं डोकं आठवडाभर दारातच अडकलं होतं. चावी, राखणदार, बिजागरी. कलावतीने हसत हसत ते दार बंद केलं असणार. उद्या पोरीला चकित करायचं म्हणून. की तिचं काही वेगळंच ठरलं होतं? हे मात्र निवटीलाही विचारता येणार नव्हतं. मारुतीराव त्या दगडाकडे बघत राहिले. जागृतीने खाडीकडे तोंड केलं आणि ती चपलांचा चिखल झाडत राहिली.

घरी परतल्यावर कमळाबाईने त्यांना साबुदाण्याची खिचडी खायला लावली. शेजारून मागवली होती. "मिललं का?"

"मिळालं. पण कलावतीसारखं सांगता येणार नाही मला."

"तिच्यासारखं कुनी मागितलंय? तुमचं तुमी सांगा. बघितलं ना डोल्यानी? मंग ते लिवा. नि वेन्या घालू नका."

बुधवारी सकाळी, सान्वी शाळेत असताना, मारुतीराव लॉगबुक घेऊन बसले. आधीची पानं त्यांनी फाडली नाहीत, नुसती एक आडवी रेघ मारली. आणि कंपनीत लिहायचे तसं लिहायला लागले. कंपनीत पंप हुंदके देत बंद झाला, असं कुणी लिहिलं असतं तर साहेबांनी त्याला घरी पाठवलं असतं. जे झालं ते लिहायचं, वेळ टाकून. दुपारपर्यंत दोन पानं झाली. मधे एकदा त्यांना वाटलं, ही काही गोष्ट नव्हे, हा रिपोर्ट झाला. पण खोटं काही नव्हतं त्यात.

सान्वी जेवायला बसली तेव्हा लाईट होते, मोबाईलही चार्ज होता. मारुतीरावांनी तो समोर ठेवला नाही. तिने हात पुढे केला, तसे ते वाचायला लागले.

"दुपारी ३.२०. निवटी वाफ्यातून बाहेर आली. आतलं पाणी फार खारट झालं होतं. मीठ बघून झालं होतं. पांढरं असतं. ३.२५. उघाडी बंद आहे हे तिने पाहिलं. उघाडीचं तिला काही वाटलं नाही. ३.२६. दोन्ही गालांत पाणी भरून घेतलं, वाटेत लागेल म्हणून."

सान्वीचा हात परत ताटाकडे गेला. "वाटेत? कुठल्या वाटेत?"

"ऐक तर. ३.२८. निवटी चालू लागली."

"मासा?"

"मी बघितलंय. पर टेकत चालतो. ३.३०. बांधाच्या पहिल्या दगडावर चढली. घसरली. ३.३१. पुन्हा पहिल्या दगडावर चढली."

सान्वीचा घास गालात तसाच राहिला होता. मारुतीरावांनी पान उलटलं. "३.४०. दुसऱ्या दगडावर."

"थांब, थांब." सान्वीने घास गिळला. "३.३१ ला पहिल्या दगडावर आणि ३.४० ला दुसऱ्या? मग मधे काय केलं तिने? नऊ मिनिटं?"

मारुतीरावांनी वर पाहिलं. एकतीस वर्षं साहेब लोकही हीच चूक शोधायचे. दोन नोंदींत एवढी जागा का रे जगदाळे, झोपला होतास का?

"दम खात होती," ते म्हणाले.

"गालात पाणी आहे ना तिच्या? तोंड उघडलं तर सांडेल."

हे बरोबर होतं. "मग लोळत असेल."

"दगडावर? चिखल कुठेय तिथे?"

हेही बरोबर होतं. रसिका पाण्याची बाटली भरायला बाहेर आली होती, ती तिथेच ओट्याला टेकून उभी राहिली. मारुतीरावांनी फोन उचलला आणि स्पीकरवर टाकून जागृतीला लावला. "जागृती, निवटी दगडावर नऊ मिनिटं काय करत असेल?"

पलीकडे जागृती कुणाला तरी काहीतरी सांगत होती, मग फोन काढून घेतल्यासारखा आवाज आला. "जावय, त्या दगडाखाली चिंबोरी ऱ्हाते, तुमी खेकडा बोलता ती," कमळाबाई म्हणाली. "ती सोडल का सुखानी जाऊ? धरल ना तिला!"

"कशाला धरेल? पायाला?" सान्वीने फोन स्वतःकडे ओढला. "निवटीला पाय नसतात!"

"पर हाय ना. परालाच धरल. तू कोन, कलाची नात ना? जेवलीस का?"

"जेवतेय. मग सोडवते कशी ती? तोंडात पाणी आहे तिच्या, ओरडता पण येत नाही."

"ते मना काय म्हाईत? मी निवटी खाल्लीय, सोडवली नाय कदी. तुज्या आज्याला इचार."

सान्वीने मारुतीरावांकडे पाहिलं. रसिकाही बघत होती. बाटली भरून पाणी वाहू लागलं होतं, तिने नळ बंद केला. मारुतीरावांनी ३.३१ आणि ३.४० च्या मधल्या जागेत पेन टेकवलं. जागा थोडी होती, अक्षर बारीक काढावं लागणार होतं. त्यांनी ३.३२ असा आकडा टाकला. पुढे काय, ते त्यांना अजून माहीत नव्हतं.

"चिंबोरी केवढी होती?" त्यांनी सान्वीला विचारलं.